डिकीचं माप

परवा नाशकात माझ्या गाडीच्या डिकीतून कुबट वास यायला लागला, म्हणून गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या कारागिराने डिकीतला गालिचा उचलला, नखाने गंजाचा एक पापुद्रा काढून मला दाखवला आणि म्हणाला, "वरून पत्रा टाकतो, लांबीची पुट्टी भरतो, रंग मारतो. संध्याकाळी या." माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी कापडावर कटिंग काढा." मी गाडी नव्हे, झबलं शिवायला टाकायला आलोय असं त्याला वाटलं असावं. तो आत जाऊन मालकाला घेऊन आला.

त्याचं काही चुकलं नाही. मोटारीच्या पत्र्याला कापडी कटिंग लागतं हे मला ज्यांनी शिकवलं, ते मोटारीच्या धंद्यातले नव्हतेच. ते कपडे शिवायचे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले शामराव मास्तर. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. पण कुठेही गंजका पत्रा दिसला की मला आधी तोंडात टाचण्या धरलेले मास्तर दिसतात आणि हसू येतं.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. बदलीवर कोल्हापूरला गेलो तेव्हा बायको-मुलं मलकापुरातच ठेवली आणि मास्तरांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. आठवडाआड मलकापूरला जायचो. उरलेले रविवार मास्तरांनी मला न विचारता स्वतःच्या नावावर करून घेतले.

मास्तरांनी आयुष्यात कुणाचा चेहरा नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. ते माप बघायचे. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून मला एकदा खालीवर न्याहाळलं आणि म्हणाले, "कंबर चौतीस. आनि डावा पाय अर्धा इंच आखूड हाय तुमचा, पावणं. कुनी सांगिटलं न्हाय व्हय आजवर?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे आठ दिवस मी दार लावून, भिंतीला पाठ टेकवून पाय मोजत होतो. निघाला की हो आखूड! चाळीस वर्षं मी सुखाने चालत होतो, त्या दिवसापासून मला लंगडल्यासारखं वाटायला लागलं. मास्तरांकडे तक्रार केली तर म्हणाले, "त्यात काय? माझा उजवा खांदा बगा, बोटभर खाली हाय. मशीनवर बसून बसून झालाय. देवाचं कटिंग बरं असतंय, आपुन वापरून वापरून बिघडवतो."

पेठेत त्यांचं दुकान चाळीसेक वर्षं चाललं. कोट, सफारी, शाळेचे गणवेश. लोक तयार कपडे घ्यायला लागले तसं गिऱ्हाईक आटलं. मग मास्तरांनी दुकान बंद केलं आणि मशीन घरच्या पुढच्या सोप्यात आणून ठेवलं. तरी धंद्याची भाषा काही सुटली नाही. कुणाचा मुलगा हुशार पण आळशी निघाला, तर म्हणायचे, "कटिंग चांगलं, शिलाई कच्ची." गल्लीतल्या एका पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत चार शब्दांत होतं, "नुसतं अस्तर, कापडच न्हाय." पेठेच्या टीमची फुटबॉल मॅच असली की आख्खी पेठ स्टेडियमवर लोटायची. मास्तरही जायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी होतो. गोल झाला, लोक नाचायला लागले, कानाचे पडदे फाटायची वेळ आली, आणि मास्तर माझ्या कानात ओरडून सांगत होते, "गोलकीपरची काख उसवलीया. मगाधरनं बगतोय."

दुसरी खोड त्यांच्या सगळ्या जातभाईंची असते तीच. कुठलंही काम कधी होणार असं विचारलं की "बुधवारी या." कुठल्या बुधवारी ते कुणी विचारायचं नाही. गल्लीत कुणी काही लांबणीवर टाकलं की लोक म्हणायचे, मास्तरांचा बुधवार आला की देईल.

त्यांच्या बायकोला सारी गल्ली काकी म्हणायची. काकी गारगोटीच्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. नवऱ्याचं कौतुक त्यांनी तोंडाने केल्याचं मी ऐकलं नाही. चहा मात्र मास्तरांना दिवसातून सहा वेळा मिळायचा, न मागता.

आता गाडीकडे येतो. मास्तरांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, म्हातारे वकील. तीस वर्षं त्यांचे काळे कोट मास्तरांनीच शिवले. वकीलसाहेब मुलीकडे पुण्याला कायमचे निघाले, तेव्हा आपली जुनी छोटी चारचाकी मास्तरांच्या गळ्यात घालून गेले. म्हणाले, तुम्हीच सांभाळाल. मास्तरांनी सांभाळली, पण त्यांच्या पद्धतीने. पहिल्याच महिन्यात त्यांनी डिकीचं माप घेतलं आणि तिला अस्तर शिवलं. साधंसुधं नव्हे. कोटाच्या खांद्यात घालायचा कापूस, त्यावर कॅनव्हास, वर उरलेल्या सुटांचं कापड, चौफेर लाल गोट, आणि एका कोपऱ्यात पाना ठेवायला खिसा. दसऱ्याच्या आधी खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे गाड्यांची पूजा होते. मास्तर आदल्या दिवशी गाडी म्हशीसारखी धुवायचे, डिकीत पाइप सोडून आतूनसुद्धा. मग वरून अस्तर घालून झाकण लावायचे. डिकीच्या तळाला चार बारकी भोकं होती. त्यातून धूळ येते म्हणून त्यांनी चिंध्यांचे बोळे मेणात बुडवून ती गच्च बुजवून टाकली होती. अशी आठ वर्षं गेली. डिकी उघडली की बघणारा वाहवा करायचा. खाली काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कळलं काकींच्या भाचीच्या लग्नात. भाची म्हणजे गारगोटीच्या भावाची, संपतरावांची मुलगी. आत्या म्हणून काकींनी दोन दिवस खपून बुंदीचे लाडू वळले, मोठ्या स्टीलच्या डब्यात भरले, झाकणावर फडकं घट्ट बांधलं आणि डबा डिकीत ठेवला. दोघं निघाली. बिद्री मागे पडल्यावर एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि मागे धप्प आवाज झाला.

"काय तरी पडलं," काकी म्हणाल्या.

"तुला उगंच वाटतंय," मास्तर म्हणाले.

मागून उसाचा एक ट्रॅक्टर येत होता. त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून, हात हलवून बेजार झाला. ह्याला पुढं जायची घाई दिसते असं समजून मास्तरांनीच वेग वाढवला.

गारगोटीत मांडवाच्या दारात गाडी थांबली. पाहुणे पुढे आले. मास्तरांनी ऐटीत डिकी उघडली. डबा नव्हता, अस्तराचा अर्धा भाग नव्हता, आणि मधल्या भोकातून मांडवातला मुरूम दिसत होता. संपतराव वाकून बघत म्हणाले, "दाजी, ह्यी गाडी हाय का बुंदीचा झारा?"

आख्खा मांडव हसला. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. अक्षता पडायच्या ऐन वेळेला तो ट्रॅक्टरवाला चेपलेला डबा डोक्यावर घेऊन मांडवात शिरला आणि मोठ्याने विचारायला लागला, "ह्यो डबा कुनाचा? रस्त्यात पडलाता." फडकं सुटलं नव्हतं. लाडू शाबूत होते. पंगतीत ज्याने त्याने तो लाडू हसत हसत खाल्ला. काकी हसल्या नाहीत. संध्याकाळी त्या एकट्या एसटीने कोल्हापूरला परत आल्या आणि मास्तरांना एवढंच म्हणाल्या, "ह्या गाडीत मी परत बसायची न्हाय. म्हायेरला जाताना तर न्हाईच न्हाई."

पुढच्या रविवारी मास्तर माडीवर माझ्याकडे आले. मी त्यांना इतकं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "चाळीस वर्सं दुसऱ्याची लाज झाकायचा धंदा केला, आनि घरच्या बाईची लाज भर मांडवात उघडी पडली. ह्यी डिकी मी सोता नीट करनार. आनि त्याच गाडीतनं तिला म्हायेरला न्हेनार. तुमी बॅटरी धरायची."

मला वाटलं, चार-दोन रविवार. वर्ष गेलं म्हणा ना.

पहिल्या रविवारी उरलेलं अस्तर बाहेर काढलं. दोघांना उचलेना एवढं ते पाणी प्यालं होतं. खाली लाल पापुद्र्यांचा थर. मी सहज बोट टेकवलं तर ते आरपार जाऊन पलीकडे निघालं. मास्तरांनी उद्यमनगरातला ओळखीचा डेंटर रफीक याला बोलावून आणलं. रफीकभाई पत्र्याच्या कामात मुरलेले. त्यांनी गाडीखाली झोपून बघितलं, मेणाचा एक बोळा ओढून काढला आणि हातावर घेऊन बाहेर आले.

"मास्तर, ह्यी भोकं कंपनीनं पाणी जायाला ठेवल्यात. तुमी बुजिवलासा?"

मास्तरांनी तो बोळा हातात घेऊन चिंधी उलगडून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे अस्तर बी मीच लावलं आनि पानी बी मीच कोंडलं. काजं शिवून टाकली आनि बटनं लावत बसलो म्हना की."

हा त्यांचा मोठेपणा मला नेहमी आठवतो. चूक कळली की ते ती स्वतःच्या अंगावर घालून आरशात बघायचे. दुसऱ्याला घालायला बघायचे नाहीत.

रफीकभाईंनीसुद्धा तेच सुचवलं, वरून पत्रा टाकू, लांबी भरू, दोन दिवसांत मोकळे. मास्तरांनी मान हलवली. "उसवल्याल्यावर इस्त्री फिरवून काय हुतंय? कुजल्यालं समदं कापा. चांगल्या कापडापातूर जावा, आनि मग जोडा."

"मास्तर, लई मोठं भोक पडंल."

"पडू दे की. आत्ता काय झाकलंय त्यानं?"

मग सुरू झाली कापाकापी. ग्राइंडर रफीकभाईंचा, खुणा मास्तरांच्या, पांढऱ्या खडूने. गंज संपून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत मास्तर खूण पुढे पुढे सरकवत राहिले. शेवटी डिकीच्या तळाला दोन माणसं जेवायला बसतील एवढी खिडकी झाली. काकी दारात तांदूळ निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आता बरं झालं. पडायला काय उरलंच न्हाई."

 मास्तर खाकी कागद पसरून माप घेण्यात गुंग होते. आणि इथे त्यांच्या हातून जी चूक झाली, ती कुठल्याही डेंटरच्या हातून जन्मात झाली नसती. कपडे शिवणारा माणूस कापड दुहेरी घडीवर बेततो. अर्धं अंग कागदावर काढायचं, घडीवर ठेवायचं, एकदा कात्री चालवायची, आणि घडी उलगडली की डावं-उजवं दोन्ही तयार. मास्तरांनी डिकीच्या उजव्या अंगाचं माप काढलं, तेच माप कागद उलटून डाव्या अंगाला धरलं, आणि नवा कोरा पत्रा कापून घेतला. बसवायला गेलो तर उजवी बाजू कातडीसारखी बसली, डावी वीतभर अधांतरी. तिथे खालून सायलेन्सर जातो, म्हणून कंपनीने पत्रा वर उचलून घेतलेला. रफीकभाई हसून हसून खाली बसले.

मास्तर त्या खिडकीत पाय सोडून दुपारभर बसून होते. चहा आला, गार झाला, तसाच परत गेला. संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा म्हणाले, "रोज लोकांचं खांदं बगितलं, कुनाचाच डावा उजव्याला जुळत न्हाय. माझा न्हाय, तुमचा पाय न्हाय. आनि गाडीला मात्र मी दोनी अंगानं सारकी समजलो." मग स्वतःशीच हसले. "बुधवारी परत बेततो."

तो बुधवार दोन महिन्यांनी उगवला, तोही गारगोटीच्या बातमीमुळे. भाचीला दिवस गेले होते. दिवाळीच्या पुढे डोहाळजेवण. आत्याने बुट्टी न्यायची, म्हणजे पुरणपोळ्या, करंज्या, चकल्यांनी भरलेली मोठी वेताची टोपली, वर खण. काकींनी ऐकल्या ऐकल्या जाहीर केलं, "मी एसटीनं जानार. बुट्टी मांडीवर घिऊन."

मास्तर कामाला लागले. या खेपेला त्यांनी कागदावर विश्वास ठेवला नाही. आधी कॅनव्हासची डिकी शिवली. खरोखरची. जिथे पत्रा खोल जातो तिथे चुण्या, जिथे उचलतो तिथे जोड, कडेने टीप. ती डिकीत अंथरायची, टाचण्या लावायच्या, काढायची, परत मशीनवर घ्यायची. अशा चार ट्रायली झाल्या. एकदा पाणी पडून ती भिजली, म्हणून मास्तरांनी दारातल्या दोरीवर वाळत घातली. काकी देवळातून आल्या, दोरीकडे बघून थबकल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही कुनाची वो चड्डी? हत्तीची?"

"डिकीची ट्रायल हाय," मास्तर आतून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक मुद्दाम गल्लीतून जायला लागले. दूधवाला तर दोनदा आला.

तो कॅनव्हास उसवून, सपाट करून, त्यावरून पत्रा कापला आणि ठोकून वळवला. आता दोन्ही अंगं बसली. रफीकभाई वेल्डिंगचं मशीन घेऊन आले. त्यांनी एक ठिणगी इथे, एक तिथे, समोरासमोर, असे सुटे सुटे टाके द्यायला सुरुवात केली. मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"कच्चा टाका घालताय व्हय?"

"तसंच समजा. एका दमात लाइन मारत गेलं की पत्रा तापून फुगतोय, मास्तर. आदी चौबाजूनं धरून घ्याचा, मग भरत जायाचं."

मास्तरांचा चेहरा उजळला. "आरं, आमच्यात बी तसंच की! सरळ टीप मारत गेलं की कापड वढतंय. आदी धावदोरा, मग टीप." इतके दिवस एकमेकांना चिमटे काढणारे हे दोघे त्यानंतर दोन तास धावदोरा आणि वेल्डिंग यांवरच बोलत होते. चहा देऊन काकी थांबल्या, आणि रफीकभाईंनी वळवलेल्या कडेवर मास्तर बोट फिरवत होते ते बघत राहिल्या. मग रिकामे कप उचलले आणि स्वतःहून दोघांना आणखी एकेक चहा आणून दिला.

जोडांवर पाणी अडवणारा लेप लागला, खालून वरून गंज धरू नये म्हणून तांबड्या रंगाचा हात झाला, वर राखाडी रंग. चारही भोकं मोकळी राहिली. पण मास्तरांची एक शंका होती. मुळात डिकीत पाणी येतं कुठून? खंडेनवमी वर्षातून एकदा, आणि गंज तर आठ वर्षांचा. यावर त्यांनी काढलेली युक्ती अशी की ते स्वतः बॅटरी घेऊन डिकीत मुटकुळं करून बसले आणि मला म्हणाले, झाकण लावा आणि वरून बादल्या ओता.

मी ओतत होतो. आतून आवाज येत होता, "अजून! डावीकडं! अजून!" तेवढ्यात काकी भाजी घेऊन आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. मग झाकणावर दोन थापा मारल्या.

"आत कोन हाय?"

"मी हाय."

"पानी येतंय?"

"येतंय की! मागच्या लाइटच्या रबरातनं. बारीक धार हाय."

"मग भाईर या. न्युमोनिया झाला तर माप कोन घ्याचं?"

मास्तर बाहेर आले ते डोक्यापासून भिजलेले आणि विलक्षण आनंदात. रफीकभाईंनी लाइटचं रबर बदललं. पुन्हा पाणी ओतलं. आत कोरडं ठणठणीत. काकी या वेळी चहाबरोबर टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

तरीही प्रश्न सुटलेला नव्हता. मास्तर रोज विचारायचे, "मग रविवारी जायाचं न्हवं गाडीतनं?" काकी म्हणायच्या, "बगू." या "बगू"वर मास्तर झोपायचे आणि या "बगू"वरच उठायचे. शनिवारी संध्याकाळी ते माडीवर आले आणि कधी नव्हे ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ती न्हाई बसली तर मग ह्ये समदं मी कुनासाटी केलं वो?"  मी उगाच बॅगेचा पट्टा ओढत बसलो.

बॅग भरलेली होती, कारण माझी नाशिकला बदली झाली होती आणि मला त्याच रविवारी दुपारी निघायचं होतं. नंतर मास्तरांशी फोनवर बोलणं व्हायचं. माझा पाय अजून आखूडच आहे ना, अशी चौकशी ते करायचे. पण ते मला दिसले ते त्या सकाळी शेवटचे.

सकाळी आठलाच गल्लीत एक नवी कोरी उंच गाडी घुसली. संपतराव बहिणीला न्यायला स्वतः आले होते. गाडीतून उतरून त्यांनी मास्तरांना नमस्कार केला आणि आवाज न चोरता म्हणाले, "दाजी, राग मानू नगा. पर आज शुभकाम हाय. पोटुशी पोरगी वाट बगतीया. अक्का, चल, बस माज्या गाडीत."

गल्ली दारादारांत उभी होती. मास्तर नवा शर्ट घालून गाडीच्या मागे उभे होते, डिकी उघडी. ते खिशातल्या फडक्याने झाकणाची कड पुसत राहिले.  मी जिन्यात उभा होतो आणि मला काकींचा, कधी नव्हे तो, राग यायला लागला होता.

काकी दारातला सडा आटपून ओल्या पायांनी आल्या होत्या. पायऱ्या उतरल्या. भावाच्या गाडीकडे एकदा बघितलं आणि मास्तरांच्या गाडीमागे गेल्या. तिथे त्यांनी चपला काढल्या. लुगड्याचा ओचा आवरला, मास्तरांच्या खांद्यावर हात टेकला आणि सरळ डिकीत चढून उभ्या राहिल्या.

"अक्का, पडशील!" संपतराव ओरडले.

"गप रे," काकी म्हणाल्या. त्यांनी एका पायावर भार दिला, मग दुसऱ्यावर. जरा वाकून नवा जोड जिथून जातो तिथे पायाचा अंगठा फिरवला. पत्रा हूं की चूं करत नव्हता. मग खाली उतरल्या, चपला घातल्या, पायरीवरची बुट्टी उचलली आणि डिकीत उजव्या अंगाला नीट टेकवून ठेवली.

"तू हो म्होरं, संपा," त्या म्हणाल्या. "आमी मागनं येतो, आमच्या गाडीतनं." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

गल्लीत कुणीतरी शिट्टी मारली. संपतरावांनी कपाळाला हात लावला, पण तेही हसत होते. मास्तर मात्र अजून डिकीपाशीच होते. राखाडी रंगावर बुट्टीच्या शेजारी काकींच्या ओल्या पावलांचे दोन ठसे उमटले होते, बोटांसकट. मास्तरांनी सवयीने खिशातलं फडकं काढलं आणि पुसायला वाकले. मग थांबले. फडकं परत खिशात घातलं आणि डिकी हळूच लावून घेतली.